टॉवेलचा कुबट वास आणि वरठ्याची भट्टी

श्रावणात अमरावती-अकोल्याच्या घरोघरी एकच तक्रार असते. टॉवेल धुतला, वाळलाही. तरी अंग पुसू लागताच कुबट वास येतो. त्यावरचा सल्लाही ठरलेला : एक कडक ऊन दाखवा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा वऱ्हाडाच्या सामाजिक इतिहासात दडलेला आहे, आणि तो ज्यांच्या हाती होता त्यांचे नाव या सल्ल्यातून केव्हाच गळून पडले आहे. (धागा)

प्रथम वासाविषयी. तो येतो कोठून, हे २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. कपड्यात घामाचा आणि त्वचेच्या तेलाचा जो अंश उरतो, त्यावर ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ नावाचा जीवाणू वाढतो आणि एक दुर्गंधी आम्ल तयार करतो. त्याच संशोधनातील दुसरी नोंद इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक मोलाची वाटावी : हा जीवाणू कोरडेपणाला आणि अतिनील किरणांना बराच दाद देत नाही. उन्हात तो निपचित पडतो, मरतोच असे नाही. ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. दोरीवरचा कोरडा टॉवेल म्हणूनच निर्दोष वाटतो आणि ओल्या अंगाला लागताच वास मारतो.

मग उन्हाच्या हातून जे पुरते होत नाही, ते पूर्वी कोण करीत असे?

वऱ्हाडात परिटाला वरठी म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही हे नाव नोंदलेले आहे. वरठी हा गावगाड्यातला बलुतेदार. घरोघरचे कपडे तो गोळा करी आणि सुगीला धान्याच्या रूपाने मोबदला घेई. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यावर बिब्ब्याच्या तेलाची खूण केली जाई. ती धुऊन जात नसे. (बिब्ब्याला इंग्रजीत मिळालेल्या नावाचा अर्थच ‘खुणेचे फळ’ असा आहे. एका वनस्पतीच्या नावात परिटाचा धंदा असा कायमचा जाऊन बसला.)

त्याच्या कामाचा गाभा म्हणजे भट्टी. कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे, उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यावर रचायचे आणि रात्रभर त्यातून वाफ जाऊ द्यायची. सकाळी ते नदीवर न्यायचे, दगडावर आपटायचे, वाहत्या पाण्यात खळखळून काढायचे आणि मग काठावर पसरायचे. या क्रमात ऊन सर्वांत शेवटी येते. तोवर खाराने कपड्यातले तेल सोडवलेले असते आणि वाफेने जीवाणूंचा निकाल लावलेला असतो. नदीकाठी उन्हात पसरलेली पांढरी धोतरे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत. रात्रीची भट्टी दिसत नसे. स्वच्छतेचे श्रेय उन्हाच्या पदरात पडले ते असे.

हा खारही मुख्यतः याच भूमीचा. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण बनविण्यास लागणारी सर्व द्रव्ये तेथे मिळतात, असे तो सांगतो. लोणार सरोवराचे पाणी आटले की काठावर जो क्षार साचतो, त्यात सोडियम कार्बोनेट भरपूर असते; आज दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा रासायनिकदृष्ट्या तोच पदार्थ. लोणार सध्याच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण त्या काळी तो भाग मेहकरच्या हद्दीत, म्हणजे वऱ्हाड सुभ्यातच होता.

येथे वऱ्हाडाची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतून जाणारे पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाण पट्टा. येथील विहिरींचे पाणी खारट आणि पुष्कळ ठिकाणी जड असते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. त्याचा चिकट साका धाग्यांत बसतो, कापड कडक होते आणि जीवाणूंना आयते घर मिळते. धुण्याचा सोडा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली बसवतो. खाराचा काटा खारानेच काढण्याची ही रीत होती.

अंग पुसण्याचे वस्त्रही वेगळे होते. पंचा पातळ, एकपदरी, घटकाभरात वाळणारा. ज्याला आपण टर्किश टॉवेल म्हणतो, ते फासेदार विणीचे कापड तुर्कस्तानातील बुर्सा येथे हेन्री क्रिस्टी या इंग्रज प्रवाशाच्या नजरेस पडले. त्यावरून यंत्रावर विणलेले टॉवेल १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे रेल्वे आली, अमेरिकेतील यादवीमुळे येथील कापसाला विलायतेत मागणी वाढली. ‘उमरावती’वरून ‘ऊमरा’ हे कापसाच्या एका वाणाचे व्यापारी नावच पडले. कापूस गेला आणि कापड आले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. टॉवेल मात्र सामान्य घरांत फार उशिरा पोचला, आणि पोचला तेव्हा भट्टी मागे पडू लागली होती. फाशांमुळे पाणी अधिक शोषणारे, अधिक काळ ओले राहणारे वस्त्र घरात आले. त्याला उकळणारा माणूस घराबाहेर राहिला.

त्याला बाहेर ठेवण्यात समाजाचाही हात होता. बाळंतपणाचे, विटाळाचे कपडे धुतो म्हणून ज्याच्या हाताने घर शुद्ध होई, त्यालाच हीन लेखले जाई. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे वाढला, आणि पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी त्यांचा देहान्त झाला. बाबांच्या हातातला खराटा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्यांच्या पूर्वजांची भट्टी कोठेच नाही. ज्ञान म्हणून तर तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही. पाहिले ते केवळ जातीचे काम म्हणून.

भट्टीचे तत्त्व आजही तेच आहे. पांढरा सुती टॉवेल मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात घालावा, दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा टाकावा आणि अर्धा तास मंद आचेवर ठेवावा. (रंगीत टॉवेलचा रंग जाण्याची भीती असते, सोड्याच्या पाण्यात उघडा हात घालू नये.) नंतर साध्या पाण्यात दोनदा खळखळून पिळावा आणि दोरीवर दुमडून न टाकता पूर्ण पसरून वाळत घालावा. नुकताच धुतलेला, स्वच्छ दिसणारा टॉवेलही असा उकळला की पातेल्यातले पाणी पुष्कळदा पिवळसर, गढूळ होते.