शेणाविना ‘गोबरगॅस’

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू साठवून त्यावर दिवे लावण्यात आले. १९०७ मध्ये अशाच वायूवर तेथे इंजिनही चालले. भारतातील जैववायूच्या इतिहासाचा आरंभ बहुधा येथूनच सांगितला जातो, आणि या आरंभात गाय कुठेच नाही.

गाय आली ती नंतर. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्या धर्तीची संयंत्रे खेडोपाडी पोहोचवली. ‘गोबरगॅस’ हे नाव रुळले आणि त्यासोबत हा वायू शेणातूनच निघतो, हा समजही. लहान कुटुंबाच्या संयंत्रालासुद्धा रोज चार-पाच जनावरांचे शेण लागे. ज्याच्या दावणीला एकच म्हैस, त्याच्या घरातील चूल धुमसतच राहिली. ज्यांना धूर सर्वाधिक सोसावा लागे, त्यांच्याकडेच गोठा नव्हता.

हा समज पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी तपासून पाहिला. इरावती कर्वे यांचे हे पुत्र वनस्पतिशास्त्रज्ञ. शेण म्हणजे जनावराने अन्नातील बहुतेक सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. मग जिवाणूंना चोथाच का घालावा? उष्टेखरकटे, सडकी फळे, किडके धान्य, अखाद्य पेंड हेच त्यांना का देऊ नये? कर्वे यांच्या सांगण्यानुसार पिष्टमय पदार्थाच्या सुमारे २ किलोंतून मिळणाऱ्या मिथेनसाठी ४० किलो शेण लागते; शेण कुजायला ४० दिवस, तर पिष्टाला एखादा दिवस पुरतो. पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एक दुसरीत पालथी, एवढेच त्यांचे संयंत्र. त्यांच्या ‘आरती’ संस्थेला त्यासाठी २००६ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

पिकांच्या अवशेषांचे मात्र सरसकट असे नाही. भाजीचा पाला सहज पचतो. पऱ्हाट्या आणि तुराट्यांतील लिग्निन या जिवाणूंना पचत नाही. वाळलेले काड तर टाकीत वर तरंगून साय धरते. खरकटेही बेताने घालावे लागते, कारण अतिरेक झाला की टाकी आंबते आणि मिथेन करणारे जिवाणू मंदावतात.

शेण मात्र पुरते सुटले नाही. नवी टाकी सुरू करताना ते सहसा एकदा कालवून घालतात, दुधाला विरजण लावावे तसे.