तळ्याकाठचा रात्रनिवारा

इंग्लंडात कार्प माशाच्या पाळतीवर तळ्याकाठी रात्र काढणारे लोक आपल्या ठेंगण्या तंबूस ‘बिव्ही’ म्हणतात. ‘बिव्हुआक’ या फ्रेंच शब्दाचे हे घरगुती रूप होय. आणि तो फ्रेंच शब्दही मूळचा स्वित्झर्लंडातील जर्मन बोलीतला. तेथे त्याचा अर्थ ‘जादा पहारा’ असा होता. नगराच्या नेमलेल्या पहारेकऱ्यांना साह्य म्हणून जे नागरिक रात्री जागत, त्यांच्या त्या जागण्याचे ते नाव. पुढे सैनिकांनी तो उचलला आणि उघड्या रानात, शस्त्र उशाशी घेऊन काढलेल्या रात्रीस तो लागू झाला. अखेरीस ज्या आडोशाखाली ती रात्र काढावयाची त्या आडोशासच तो चिकटला. जागरणाचे नाव अशा रीतीने शय्यागृहास मिळाले. शब्दाचा हा प्रवास तीनचार शतकांचा. तळ्याकाठच्या निवाऱ्याने मात्र तोच प्रवास गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पुरा केला आहे.

कार्प हा आपणांस अगदीच परका मासा नव्हे. रोहू, कटला, मृगळ हे त्याचे सगोत्र, आणि आपल्या नद्यांतील खडस ऊर्फ महाशीर हाही त्याच कुळातला. शृंगेरीस विद्याशंकराच्या देवळाखाली तुंगेच्या घाटावर यात्रेकरूंच्या हातचे चुरमुरे खावयास भर दुपारी जी माशांची दाटी होते, ती पाहिलेल्या वाचकास हे कूळ ओळखीचे आहे. महाडजवळ वाळण कोंडीतही देवीचे म्हणून असेच मासे राखले जातात. हे मासे निर्भय आहेत. कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कोणी धरलेले नाही. ज्या पाण्यात गळ पडतो तेथली गोष्ट निराळी. एकदा गळाला लागून सुटलेला किंवा सोडून दिलेला कार्प ते विसरत नाही. काठावर माणसाची सावली पडली की तो खोल पाण्यात जातो आणि अंधार पडल्यावाचून काठाकडे फिरकत नाही. रात्री जागण्याची सारी यातायात या एका कारणास्तव.

युरोपात या माशाचा मान उपवासामुळे वाढला. आमच्या वाचकांस याची मौज वाटेल. परंतु ख्रिस्ती धर्माच्या जुन्या नियमांप्रमाणे उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा मात्र चालत असे. त्यामुळे मठांनी आणि सरदारांनी तळी बांधून कार्प पोसले. बोहेमियात याकूब कर्चिन याने बांधविलेले रोझम्बेर्क नावाचे तळे १५९० साली पुरे झाले. ते आजही आहे, आणि नाताळच्या आदल्या रात्री चेक लोकांच्या ताटात कार्प असतोच. इंग्लंडात हा मासा उशिरा पोहोचला. १४९६ साली छापलेल्या मासेमारीवरील एका प्रसिद्ध प्रबंधात त्याचे नाव येते, ते देशात तो विरळा असल्याच्या उल्लेखासह. इंग्लंडातील मठ राजाज्ञेने १५३६ ते १५४० या काळात बंद झाले. तेव्हा तेथील प्रत्येक जुन्या तळ्यातले कार्प जोगी-बैराग्यांनी सोडलेले, असे जे तिकडे हौसेने सांगितले जाते, त्यात दंतकथेचा भाग मोठा आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली आपल्या ग्रंथात या माशाचे धूर्तपण वर्णिले आहे. एक चांगला गरवणारा तीनचार दिवस, रोज चारसहा तास बसला तरी गळाला स्पर्शसुद्धा झाला नाही, असे तो सांगतो. ही कीर्ती पुढे जवळजवळ तीनशे वर्षे टिकली. मोठा कार्प गळाला लागावयाचा तो दैवयोगाने, अशीच समजूत होती. १९३० साली डर्बीशायरमधील मॅपर्ली जलाशयात ॲल्बर्ट बकली यांना २६ पौंडांचा कार्प मिळाला, त्याचे केवढे कौतुक झाले! रात्रभर ठाण मांडून बसण्याची रीत तेव्हा नव्हतीच म्हटले तरी चालेल. आणि जेथे रात्र नाही तेथे निवाऱ्याचा विचार कोण करणार?

ती रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड हे चित्रकार व लेखक ‘बीबी’ या नावाने लिहीत. त्यांचे कार्पच्या ध्यासाविषयीचे पुस्तक १९५० साली निघाले. त्यातून पत्रव्यवहार वाढला आणि पुढल्याच वर्षी थोड्या समानशीलांचे एक मंडळ जमले. त्यांत रिचर्ड वॉकर हे होते. व्यवसायाने अभियंता, युद्धकाळात विमानसंशोधनाच्या सरकारी केंद्रात रडारवर काम केलेले. दैवयोग हा शब्द या गृहस्थास मुळीच मान्य नव्हता. मासा केव्हा खातो, कोठे खातो, काय ऐकतो याचा शोध घ्यावा, आणि तो ज्या वेळी येतो त्या वेळी आपण तेथे असावे, इतका त्यांचा सरळ हिशेब. तो येतो रात्री. तेव्हा रात्री तेथे असणे आले, आणि रात्री तेथे असावयाचे तर थंडी, दव व पाऊस यांची व्यवस्था आली.

हेरफर्डशायरमध्ये रेडमायर नावाचे एक जेमतेम तीन एकरांचे तळे आहे. १९३४ साली त्यात पन्नास लहान कार्प सोडले होते. मग त्यांची कोणी विचारपूस केली नाही. १९५१ साली तेथे बॉब रिचर्ड्‌स यांस ३१ पौंड ४ औंसांचा मासा मिळाला आणि वॉकर व त्यांचे मित्र तिकडे वळले. १३ सप्टेंबर १९५२ रोजी, पहाटेच्या अंधारात, वॉकर यांच्या गळास ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा, कार्प लागला. पीट टॉमस हे त्यांचे मित्र सोबत होते. तो मासा त्यांनी मारला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात तो १९७१ पर्यंत जगला आणि असंख्य लोकांनी तेथे त्याचे दर्शन घेतले. हा विक्रम अठ्ठावीस वर्षे टिकला. १९८० साली ख्रिस येट्स यांनी त्याच रेडमायरमध्ये साडेएक्कावन पौंडांचा कार्प धरला.

त्या काळचा निवारा म्हणजे काय? युद्ध नुकतेच संपलेले. लष्कराची जमिनीवर अंथरावयाची मेणकापडे, तंबू, पावसाळी झगे हे सारे बाजारात स्वस्त मिळत होते. एक मेणकापड खाली, घोंगडी अंगावर, वर जमल्यास कॅनव्हासचा तुकडा. डोळे मात्र दोरीवर. दोरीला चांदीच्या कागदाची एक लहान घडी अडकवावयाची. ती हालली की मासा आला. वॉकर यांनी येथेच आपली अभियंत्याची बुद्धी चालविली. दोरी हालताच विजेचे मंडल जुळून घंटी वाजावी असे एक यंत्र त्यांनी तयार केले. हे यंत्र थकल्या डोळ्यांस साह्य म्हणून निघाले होते, यात शंका नाही. पण पहारेकऱ्याने एकदा पहाऱ्यास घंटी बांधली की त्याचे लक्ष अंथरुणाकडे जाणार, हेही मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

आपल्याकडे शेताच्या राखणीसाठी बांधलेल्या माळ्याला छप्पर असते, भिंती नसतात. गोव्यात खाजणाच्या बांधावर मानशीपाशी ओहोटीची वाट पाहत जाळ्यावर बसणाऱ्याचा आडोसाही तसाच, पाण्याच्या बाजूने उघडा. राखणदाराचा निवारा आणि राहण्याचा निवारा यांतला भेद हाच. इंग्लंडात या जातीचा पहिला खरा निवारा म्हणजे मोठी हिरवी छत्री. तिचा दांडा जमिनीत रोवून ती पाठीमागे कलती करावयाची. भात लावणारा पाठीवर इरले घेतो तशी. पाठ झाकलेली, तोंड पाण्याकडे मोकळे, हात काठीपाशी. दोष एवढाच की मधला दांडा नेमका मनुष्याच्या पोटाशी येतो आणि वारा फिरला की छत्री तळ्यात जाते. मग दांड्याचा खालचा भाग काढता येऊ लागला, पुढल्या काड्यांना दोन टेकू आले, बाजूंना कापडाचे पडदे शिवले गेले. आणि छत्री हळूहळू तंबू झाली. यातले पुष्कळसे शोध दुकानदारांचे नव्हेत. ते पावसात भिजलेल्या लोकांनी स्वतः सुईदोरा घेऊन लावलेले आहेत.

हा निवारा कोठे उभारावा हा प्रश्न तो कसा असावा याहून अधिक महत्त्वाचा, आणि येथे सुख व कार्य यांचा सरळ विरोध येतो. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा उबदार वारा सुटला की तो तळ्याचे वरचे ऊन पाणी आणि त्यावरचे अन्न समोरच्या काठाकडे ढकलतो. कार्प पुष्कळदा त्यापाठोपाठ जातो. म्हणजे मासा हवा असेल तर वारा तोंडावर घेऊन बसले पाहिजे. आरामाची जागा याच्या अगदी उलट काठावर, झाडीच्या आड असते. ज्याने तंबू आधी ठोकला आणि पाणी मागाहून पाहिले, त्याला झोप चांगली लागते खरी! म्हणून जाणते लोक सामान खाली ठेवून प्रथम तळ्यास एक फेरा घालतात. निवारा एका माणसास पाच मिनिटांत मोडून दुसरीकडे नेता येईल इतका हलका असावा, या त्यांच्या आग्रहाचे मर्म हेच. कारण वारा मध्यरात्रीही फिरतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. कार्पच्या कुळात वाताशय आणि अंतःकर्ण यांना जोडणारी लहान हाडांची एक साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शारीरशास्त्रज्ञाने ती १८२० साली वर्णिली. तिच्यामुळे या माशांची श्रवणशक्ती इतर पुष्कळ माशांहून तीक्ष्ण असते. काठावर मोगरीने खुंट्या ठोकणे म्हणजे पाहुणे येण्याआधी नगारा वाजविणे. खुंट्या हाताने पिळून बसविता येतील अशा असाव्यात, आणि निवारा पाण्याच्या अगदी कडेस नसावा. मात्र काठीपासून चार पावलांहून दूरही नसावा.

मोठा पालट १९७०च्या दशकात सुरू झाला. उकडून घट्ट केलेल्या पिठाच्या गोळ्या आमिष म्हणून आल्या. घंटीची यंत्रे सुधारली. सुमारे १९८०च्या सुमारास लेनी मिडलटन व केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळावर न टोचता केसासारख्या बारीक धाग्याने त्याखाली लोंबते ठेवण्याची युक्ती काढली. मासा ते तोंडात ओढतो, मोकळा गळ आत जातो, आणि जड शिशाच्या ओढीने तो आपोआप रुतून बसतो. हिसका देण्यास माणूस जागा असलाच पाहिजे ही अट त्या दिवशी संपली. त्याच सुमारास हिवाळ्यातही कार्प धरण्याची चाल पडली. आणि १९९५ साली इंग्लंडातील बहुतेक तळ्यांवरील १५ मार्च ते १५ जून ही मासेमारीची बंदी उठल्यावर वसंतातल्या गारठ्याच्या रात्रीही मोकळ्या झाल्या. दारे, खिडक्या, पलंग, चूल यांनी भरलेली बिव्ही ही या सर्वांची परिणती होय. तिची चेष्टा करणारे जुने लोक इंग्लंडात पुष्कळ आहेत. मला त्यांचे म्हणणे निम्मेच पटते. संधिवाताने गुडघे धरलेला मनुष्य घोंगडीवर रात्र काढील तर दुसऱ्या रात्री येणारच नाही, आणि जागर करावयाचा तर आधी तेथे येणे तरी घडले पाहिजे.

पण बंद निवाऱ्याचे स्वतःचे काही शत्रू आहेत. निजलेला मनुष्य रात्रभर श्वासावाटे पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. एकेरी कापडाच्या छतास ते आतून लागते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. नवखा मनुष्य तंबू गळतो म्हणून विकणाऱ्यास दूषण देतो. याला उपाय दुहेरी कापडाचा, किंवा त्याहून सोपा, दार उघडे ठेवण्याचा. हल्ली कापडाची जलरोधकता मिलिमीटरांत सांगतात. पाण्याचा किती उंचीचा स्तंभ ते पेलते याचे ते माप. दहा हजार मिलिमीटरांचे छत पावसास पुरून उरते. अंथरावयाचे कापड मात्र त्याहून बळकट पाहावे, कारण गुडघ्याचा दाब पावसाहून पुष्कळ मोठा असतो. आणि चूल किंवा निखारे बंद तंबूत कदापि नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. ऊब घेत निजलेली माणसे त्याने तंबूत निजलेलीच राहिली आहेत. विझल्यासारखा दिसणारा कोळसाही तो वायू सोडीत असतो.

रात्रीची लांबी पाहून निवारा निवडावा असे तिकडील अनुभवी लोक सांगतात, आणि ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. दक्षिण इंग्लंडात जूनच्या मध्यास सूर्य रात्री सुमारे साडेनऊला मावळतो आणि पाचाच्या आत उगवतो. साडेसात तासांचा तो काळोख, त्यातला बराचसा संधिप्रकाशच. त्याला बाजूंनी पडदे नसलेली मोठी छत्री, एक आरामखुर्ची आणि दव अडविण्यास एक जाड पांघरूण पुरते. डिसेंबरात तोच काळोख सोळा तासांचा होतो. तेव्हा दुहेरी कापड, अंथरूण, जमिनीपासून वर उचललेला पलंग यांवाचून गत्यंतर नाही. मात्र तेव्हाही पाण्याकडील दार गुंडाळून वर बांधावे आणि पलंग असा लावावा की मान न वळविता तिन्ही काठ्यांची टोके दिसावीत.