खाणीच्या ढिगावर झाडं कशी जगवतात?

खाणीतून काढलेल्या दगड-मातीच्या ढिगाऱ्यात सेंद्रिय कर्ब, नत्र आणि उपयुक्त जिवाणू जवळपास नसतात. त्यामुळे तिथे नुसती रोपं लावून भागत नाही.

उपाय काय?
नागपूरच्या 'नीरी' संस्थेने नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्यातलं प्रेसमड वापरलं. सोबत रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी दिली. प्रेसमड ओलावा धरून ठेवतं आणि जिवाणूंना अन्न पुरवतं. रायझोबियम मुळांवरच्या गाठींमध्ये राहून हवेतला नत्र झाडाला देतो. पुढे पानगळ कुजून माती तयार होऊ लागते.

कोणती झाडं?
करंज, शिरीष, बाभूळ, शिसू. शेंगा येणारं प्रत्येक झाड मात्र नत्र देत नाही. गुलमोहर, चिंच आणि बहावा यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत.

सोलापूरला उपयोग?
जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, म्हणजे प्रेसमड जवळच मिळतं. खडीसाठी खोदून सोडलेल्या दगडखाणींच्या कडेलाही हीच पद्धत वापरता येईल. मात्र ताजं प्रेसमड कुजताना तापतं. ते आधी कुजवून घ्या. पाऊस कमी, म्हणून लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीलाच करा.