पत्रा तपासला की पाणी?

पाण्यात बुडवलेल्या धातूवर लेसरचे स्पंद मारून नॅनोकण काढण्याच्या तंत्राचा जन्म बरेचदा 1993चा सांगतात. त्या वर्षी बर्लिनमध्ये फोयटिक आणि हेंगलाइन यांनी, तर अमेरिकेत नेडरसन व सहकाऱ्यांनी या रीतीने धातूंची कलिलं तयार केली. पण त्याआधी, 1987मध्ये, पुणे विद्यापीठातल्या पाटील, ओगले, भिडे आदींचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला होता. पाण्याखालच्या लोखंडी पत्र्यावर लेसर सोडला की तापलेला पृष्ठभाग पाण्याशी संयोग पावतो आणि इतक्या झटपट निवतो की एरवी न टिकणारं ऑक्साइड तिथंच गोठून राहतं, असं त्यांनी दाखवलं. या तंत्राची सुरुवात इथूनच धरायला हवी. पुण्याच्या मंडळींनी मॉसबाउअर वर्णपटासारख्या साधनांनी पत्र्याचा पृष्ठभाग तपासला. पुढच्यांनी पाणी तपासलं. दोन तारखांमधलं अंतर तेवढंच आहे.

यावर आक्षेप असा की पुण्याच्या निबंधाचा विषय कण नव्हताच, मग त्याला मान कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. पाणी इथं नुसतं थंडावा देत नाही. ते ठिणगीसारख्या प्लाझ्माला दाबून धरतं आणि रासायनिक क्रियेत स्वतः भाग घेतं. कणांची घडण याच गोष्टींवर ठरते. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: ब्रेडिगने 1898मध्येच पाण्याखाली विजेची ठिणगी पाडून सोन्या-प्लॅटिनमची कलिलं केली होती. खरं आहे, पण ठिणगीला वीजवाहक कांडी लागते, लेसरला नाही. सिरॅमिकही त्याला चालतं.

पाण्यातले कण तपासायचे कसे, हा पेच मात्र अजून सुटलेला नाही. सोन्याचे बारीक कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, म्हणून पाणी लालसर दिसतं. पण रंगावरून नेमका आकार कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी थेंब वाळवावा लागतो आणि वाळताना कण एकमेकांना चिकटू शकतात. प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजावं, तर अशा बारीक कणांत दहापट व्यासाचा कण दहा लाखपट प्रकाश विखुरतो; चार-दोन ढेकळं बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. त्यामुळे एकाच बाटलीतल्या कणांचे दोन आकार निघतात, आणि दोन्ही मोजमापं आपापल्या जागी बरोबर असतात.