बूलव्हार मोंमार्त्रची एक रात्र

1897 च्या फेब्रुवारीत कामिय पिसारो पॅरिसमधल्या एका हॉटेलात राहायला आला तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. डोळ्याच्या अश्रुनलिकेचा जुना आजार पाठ सोडत नव्हता. वाऱ्याधुळीत कॅनव्हास मांडून बसणं त्याला आता झेपत नव्हतं. शेतं, बागा आणि खेड्यातल्या वाटा रंगवण्यात हयात घालवलेल्या या चित्रकाराने मग वरच्या मजल्यावरची खिडकी गाठली. तिच्याखालून बूलव्हार मोंमार्त्र सरळ दूर जात होता. एप्रिलपर्यंत त्याने या एकाच रस्त्याची 14 चित्रं केली: ढगाळ सकाळ, पाऊस, वसंतातलं ऊन, कार्निवलची मिरवणूक. त्यात रात्रीचं चित्र एकच.

पॅरिसचे रुंद रस्ते म्हटलं की 19 व्या शतकात शहराची पुनर्रचना करणाऱ्या ओस्मानचं नाव पुढे येतं. हा रस्ता मात्र त्याच्याही आधीचा. 17 व्या शतकात चौदाव्या लुईने शहराची जुनी तटबंदी पाडली आणि तिच्या जागी झाडांच्या रांगा असलेले रस्ते केले, त्यांपैकी हा एक. पुढे इथे नाट्यगृहं आली, कॅफे आले, छत घातलेल्या बाजारगल्ल्या आल्या. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी दुकानं उशिरापर्यंत उघडी राहू लागली, आणि उजेड ही इथल्या व्यापाराची गरजच झाली. याच रस्त्यावर उघडणाऱ्या पासाज दे पानोरामा या बाजारगल्लीत 1817 मध्ये गॅसचे दिवे लागले. पॅरिसमधल्या अगदी पहिल्या गॅसदिव्यांपैकी ते होते. 1878 मध्ये जवळच्या आव्हेन्यू द लोपेरावर विजेचे आर्कदिवे झळकले. दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या ज्योतीचा तो पांढरा प्रकाश डोळे दिपवणारा होता.

पिसारोच्या रात्रीच्या चित्रात हा सगळा इतिहास एकाच वेळी पेटलेला दिसतो.

रस्त्याच्या मधोमध आर्कदिव्यांची रांग आहे. त्यांच्यासाठी त्याने जाड, थंड पांढऱ्या रंगाचे ठिपके ठेवले आहेत. दुकानांच्या काचांमधून गॅसचा पिवळा-नारिंगी उजेड फुटपाथवर सांडतो. कडेला उभ्या घोडागाड्यांचे तेलाचे दिवे म्हणजे छोटे तांबूस ठिपके. तीन प्रकारचे दिवे, तीन काळ, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. पाऊस नुकताच पडून गेलाय, म्हणून ओल्या रस्त्यावर हे रंग लांबट फटकाऱ्यांनी खाली ओघळतात. आकाश गडद निळं आहे. माणसं तर जवळजवळ नाहीतच. अंधारात हलणारे काळसर डाग तेवढे दिसतात, आणि तरी गर्दी जाणवते. जवळ जाऊन पाहिलं तर हाती नुसते रंगाचे फटकारे लागतात. चार पावलं मागे सरलं की रस्ता पुन्हा जागेवर येतो.

दिवसाच्या चित्रांत डोळा इमारतींच्या आणि झाडांच्या रेषांवरून दूरवर जातो. रात्री त्या रेषा विरघळतात आणि खोलीचा भास उभा करण्याचं काम दिव्यांकडे येतं: जवळचे मोठे, दूरचे बारीक, शेवटी नुसता धूसर उजेड. सूर्यप्रकाशाच्या छटा पकडण्यात आयुष्य घालवलेल्या चित्रकाराला इथे सूर्याविना काम करायचं होतं, आणि ते त्याने विलक्षण साधलं.

या चित्रावर त्याने सही केली नाही, हयातीत ते कधी प्रदर्शनातही ठेवलं नाही. त्यामुळे ते अपुरं मानण्याचा मोह होतो. पण तिन्ही उजेडांचा तोल इतका नेमका आहे की त्यात आणखी एका फटकाऱ्याची जागा दिसत नाही. मालिकेतली इतर चित्रं न्यूयॉर्क, सेंट पीटर्सबर्ग, मेलबर्न अशी जगभर विखुरली. हे रात्रीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीने 1925 मध्ये, पिसारोच्या मृत्यूनंतर 22 वर्षांनी, विकत घेतलं.