लग्न झालेलं सँडविच

सँडविचला "लग्न झालंय का?" असं विचारणारं एकच शहर मला माहीत आहे, ते म्हणजे सिसिलीतलं पालेर्मो. तिथल्या 'पानी का मेउसा'चे प्रकार दोन. 'स्केत्तू' म्हणजे सडाफटिंग, वर नुसतं लिंबू पिळलेलं. 'मारितातू' म्हणजे लग्न झालेलं, सोबत रिकोता किंवा काचोकावाल्लो चीज!

आणि आत काय? वासराची प्लीहा आणि फुफ्फुस. (नाकं मुरडू नका मंडळी, वजडी चापणारे आपल्याकडेही आहेतच की :-)) आधी उकडायचं, मग पातळ काप करून डुकराच्या चरबीत परतायचं आणि तीळ लावलेल्या गोल पावात भरायचं. बस्स.

पालेर्मोत याची कूळकथा अशी सांगतात. मध्ययुगात तिथले बरेच खाटीक ज्यू होते. जनावर कापण्याचे पैसे घेणं धर्मात बसत नव्हतं, म्हणून मजुरीत आतडी, प्लीहा वगैरे मिळायचं. ते शिजवून, पावात घालून ख्रिश्चन गिऱ्हाइकांना विकायचे. मग आलं १४९२. सिसिलीवर राज्य फर्नांडोचं, म्हणजे ज्या स्पॅनिश राजाराणीने ज्यूंना हाकलायचा हुकूम काढला त्यांच्यापैकीच एकाचं. जानेवारी १४९३ पर्यंत धर्म बदला नाहीतर बेट सोडा! गाडा मग चीज विकणाऱ्या ख्रिश्चनांनी उचलला. चीज त्यांच्याकडे होतंच.

आता गंमत बघा (गंमत तरी कसं म्हणू?). ज्यू आहारनियमांत डुक्कर वर्ज्य, आणि मांसाबरोबर दुधाचं काही खाणंही वर्ज्य. म्हणजे ज्यांच्या नावावर हा पदार्थ सांगतात, त्यांना आज त्यातला सडाफटिंगही चालणार नाही, लग्नाचा तर त्याहून नाही!

अशा पदार्थांना हल्ली 'संस्कृतींचा संगम' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. आमच्या धंद्यात मूळ प्रोग्रामर जातो, कोड राहतो, पुढचा त्यात हवं ते घुसडतो. पण तो नोकरी सोडून गेलेला असतो. घरादारासकट हाकलून दिलेला नसतो.

असो. १२ जानेवारी २०१७ ला पालेर्मोच्या आर्चबिशपांनी जुन्या ज्यू वस्तीतलं एक प्रार्थनागृह सिनेगॉगसाठी ज्यूंना वापरायला देत असल्याचं जाहीर केलं. त्याचं नाव 'सांता मारिया देल साबातो'. साबातो म्हणजे शनिवार.