वर्गणीदारांच्या आश्रयाने

इ. स. 1761 च्या उन्हाळ्यात एडिंबरो नगरात टॉमस शेरिडन नावाच्या एका आयरिश नटाने शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्यानमाला गुंफली, आणि ती ऐकण्यास त्या नगरातील वकील, धर्मोपदेशक, प्राध्यापक व जमीनदार अशी शेकडो प्रतिष्ठित मंडळी पदरचे पैसे खर्चून हजर राहिली. ज्या देशाच्या तत्त्ववेत्त्यांची कीर्ती त्या काळी पॅरिसच्या विद्वत्सभांपर्यंत पोहोचली होती, त्या देशातील शिष्टवर्गाने आईच्या तोंडून शिकलेली बोली विसरता यावी म्हणून एका नटाची शागिर्दी पत्करावी, हा प्रकार आज विनोदी वाटला तरी त्यांच्या दृष्टीने तो निकडीचा होता; कारण लंडनच्या पार्लमेंटात वा न्यायकचेरीत तोंड उघडताच ज्याचे हसे होते, त्याची बढती तेथेच खुंटते, हे ती मंडळी अनुभवाने जाणून होती. डेव्हिड ह्यूमसारख्या धुरंधर लेखकाने 1752 मध्ये आपल्या राजकीय निबंधांना स्कॉटिश वाक्प्रचारांची एक यादी जोडली होती, पण ती संग्रहासाठी नसून लिहिताना कोणते प्रयोग कटाक्षाने टाळावेत हे समजावे यासाठी होती.

ही अवस्था एका दिवसात आलेली नव्हती. स्कॉटलंडमध्ये भाषा दोन: दक्षिणेच्या व पूर्वेच्या सखल मुलखातील स्कॉट्स, जी इंग्रजीची सख्खी बहीण; आणि उत्तरेकडील डोंगराळ मुलखातील व पश्चिमेच्या बेटांवरील गेलिक, जी आयर्लंडच्या भाषेशी नाते सांगते. चौथ्या जेम्स राजाने 1507 मध्ये चेपमन व मिलर या दोघांना छापखान्याची सनद दिली तेव्हा स्कॉट्स ही दरबाराची, कायद्याची आणि उत्तम कवींची भाषा होती, व तो राजा स्वतः गेलिकही जाणत होता. परंतु 1603 मध्ये सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसून लंडनला गेला आणि त्याच्यामागोमाग कवींचा आश्रयही गेला. 1707 मध्ये एडिंबरोचे पार्लमेंटही बरखास्त झाले. गेलिकच्या वाट्याला तर उपेक्षेबरोबर उघड वैरही आले. 1616 मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने फर्मान काढले की, डोंगरी मुलखात गावोगाव शाळा घालून इंग्रजी रुजवावी व तेथील भाषा, जी रानटीपणाचे मूळ आहे, ती नाहीशी करावी. 1709 मध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसारक मंडळीनेही आपल्या शाळांतून बराच काळ हाच शिरस्ता चालविला.

राजाश्रय गेल्यानंतर या दोन भाषांचे वाङ्मय लोकांसमोर कोणी ठेवले, हा प्रश्न इतिहासकाराने विचारला तर त्याला उत्तर म्हणून सरदारांची नावे फारशी सापडणार नाहीत. त्याला जुन्या पुस्तकांच्या आरंभी बारीक टायपात छापलेल्या वर्गणीदारांच्या याद्या उघडाव्या लागतील. त्या काळची रीत अशी की, लेखकाने किंवा मुद्रकाने आधी एक पत्रक काढावे, त्यात ग्रंथाचा विषय, कागदाचा आकार व किंमत नमूद करावी, खाली सह्यांसाठी जागा सोडावी, आणि मुद्रकाचा खर्च निघण्याइतक्या सह्या जमल्या की मगच खिळे जुळवावयास घ्यावेत. वर्गणीदाराचे नाव पुस्तकात छापले जाई. त्या नावाचा मोह हीच त्या व्यवहारातली निम्मी गंगाजळी होती.

या खटपटीचा आद्यपुरुष म्हणून ॲलन रॅमझे याचे नाव घ्यावे लागते. हा मूळचा केसांचे टोप विणणारा कारागीर. पुढे पुस्तकविक्रेता झाला. 1724 मध्ये त्याने जुन्या स्कॉट्स कवितांचा एक संग्रह छापला, तो मुख्यतः एका हस्तलिखितावरून. ते हस्तलिखित जॉर्ज बॅनटाइन नावाच्या तरुण व्यापाऱ्याने 1568 मध्ये, एडिंबरोत प्लेगची साथ असल्यामुळे उद्योगधंदा बंद पडला असता, रिकाम्या वेळात उतरून काढले होते. त्या साथीवाचून मध्ययुगीन स्कॉट्स काव्याचा केवढा भाग नष्ट झाला असता याची कल्पना करवत नाही. रॅमझेने 1725 च्या सुमारास भाड्याने पुस्तके देण्याचे ग्रंथालयही काढले, आणि जुन्या मजकुरात मन मानेल तशी दुरुस्तीही केली. संशोधक त्याला त्याबद्दल दोष देतात व तो योग्यच आहे. पण कपाटात पडून असलेले बाड वाचकांच्या हाती प्रथम त्यानेच दिले, हेही जमाखर्चात धरले पाहिजे.

रॉबर्ट बर्न्सची हकीकत सर्वश्रुत असली तरी तिची हिशेबाची बाजू क्वचितच सांगितली जाते. 1786 मध्ये हा सत्तावीस वर्षांचा शेतकरी कर्जाने व घरगुती भानगडींनी इतका गांजला होता की, जमेकाच्या एका मळ्यावर हिशेबनिसाची नोकरी पत्करून देशांतर करण्याचे त्याने ठरविले होते. जाण्यापूर्वी कविता छापाव्यात म्हणून त्याने पत्रके काढली; मित्रांनी व ओळखीच्या वकिलांनी ती आयरशायरमध्ये फिरवून सुमारे साडेतीनशे प्रतींची मागणी गोळा केली; आणि 31 जुलै 1786 रोजी किल्मार्नॉक येथील जॉन विल्सन या मुद्रकाने तीन शिलिंग किमतीचे ते पुस्तक प्रसिद्ध केले. एकंदर 612 प्रती निघाल्या आणि महिनाभरात जवळपास सर्व संपल्या. खर्च वजा जाता कवीच्या हाती सुमारे वीस पौंड राहिले. जमेकाचा बेत रहित झाला; आणि ज्या मळ्यांवर गुलामांच्या घामावर ऊस पिकत असे तेथे जाण्यापासून कवी वाचला, ही त्या साडेतीनशे सह्यांची कमाई कमी समजू नये.

पुढच्या वर्षी एडिंबरोला निघालेल्या आवृत्तीच्या यादीत दीड हजारांच्या घरात नावे आहेत. कॅलेडोनियन हंट या उमरावांच्या शिकारमंडळाने एकदम शंभर प्रती घेतल्या, आणि यादीत वलादोलिद, पॅरिस, रातिसबोन अशा दूरच्या नगरांतील स्कॉटिश कॅथलिक विद्यालये व मठ यांचीही नावे दिसतात. या आवृत्तीला कवीने जोडलेला शब्दार्थकोश पहिल्या आवृत्तीतील कोशापेक्षा कितीतरी पट मोठा आहे. त्याचे कारण इंग्लंडचा वाचक हे तर होतेच. परंतु हेन्री मॅकेन्झी या एडिंबरोच्या टीकाकाराने आपल्या प्रशंसापर लेखात, ही बोली खुद्द स्कॉटलंडातही आता वाचावयास जड जाते, अशी तक्रार नोंदविली होती. शेरिडनच्या व्याख्यानांना हजेरी लावलेल्या पिढीला तिचीच भाषा उलगडून सांगण्यासाठी शेतकऱ्याला कोश लिहावा लागला.

एवढ्यावर बर्न्सचा भाषेचा लोभ थांबला नाही. जेम्स जॉन्सन नावाच्या एका गरीब कोरक्याने स्कॉटिश गीते चालींसह कोरून छापण्याचे काम आरंभिले होते. बर्न्सने त्याच्या सहा खंडांसाठी सुमारे दोनशे गीते जमविली, दुरुस्त केली किंवा नव्याने रचली, आणि जकातखात्यात घोड्यावरून गावोगाव फिरून पोट भरत असतानाही या कामाबद्दल एक पैही घेतली नाही. 1787 ते 1803 या काळात निघालेल्या त्या सहाशे गीतांच्या संग्रहाने जॉन्सनलाही श्रीमंत केले नाही. तो दारिद्र्यातच वारला.

गेलिकच्या बाजूला याहूनही विलक्षण एक दृश्य आहे. डनकन बान मॅकिंटायर हा हरणांच्या रानाचा राखणदार, पुढे एडिंबरोच्या नगररक्षक दलातला साधा शिपाई. त्याला अक्षरओळख नव्हती. आपल्या हजारो ओळी तो मुखोद्गत ठेवी, आणि एका धर्मोपदेशकाने त्या उतरून घेतल्यावर 1768 मध्ये त्या प्रथम छापल्या गेल्या. पुढे 1790 च्या आवृत्तीसाठी हा वृद्ध कवी पत्नीला बरोबर घेऊन डोंगराळ मुलखातून फिरला, दारोदार कविता म्हणून दाखवी आणि सह्या मिळवी. ज्यांनी सही केली त्यांतील कितीतरी जणांना, कवीप्रमाणेच, ते पुस्तक वाचता येण्याजोगे नव्हते. 1616 च्या फर्मानापासून चालत आलेल्या शाळांनी ती व्यवस्था चोख केली होती. तरीही त्यांनी पैसे दिले. वाङ्मयाच्या प्रसाराचा याहून निर्मळ दाखला मला ठाऊक नाही.

कोशकारांची कथा अशीच आहे. जॉन जेमिसन हा फॉरफर येथील धर्मोपदेशक स्कॉट्स ही बिघडलेली इंग्रजीच होय असे सर्वांप्रमाणे समजत होता. सुमारे 1787 मध्ये ग्रिमुर थॉर्केलिन या आइसलंडच्या पंडिताशी त्याची भेट झाली. त्या पाहुण्याने अँगस परगण्यातील शेतकऱ्यांच्या तोंडचे शेकडो शब्द आपल्या उत्तरेकडील प्राचीन भाषेत जसेच्या तसे आहेत असे दाखवून यजमानाचा समज मोडून काढला. जेमिसनने स्वस्त कागदाची वही घेऊन शब्द टिपण्यास त्या दिवसांपासून आरंभ केला. वीस वर्षांनी, 1808 मध्ये, वर्गणीदारांच्या बळावर दोन मोठे खंड बाहेर पडले, आणि 1825 मध्ये आणखी दोन पुरवणीखंड. त्याच्या व्युत्पत्ती आज पुष्कळशा टिकत नाहीत. पण वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी युरोपभर जो वाचकवर्ग मिळविला, त्या वाचकाला पात्रांचे संभाषण समजावून घेण्यास हाती एक भक्कम ग्रंथ होता तो जेमिसनमुळेच.

स्कॉटच्या नावाबरोबर आपल्या मुंबईशी जोडणारा एक धागा हाती येतो. 1802 मध्ये सीमाप्रदेशातील पोवाड्यांचा संग्रह करताना स्कॉटला जॉन लेडन या ग्रामीण तरुणाने अपार साहाय्य केले. एका जुन्या पोवाड्याच्या हरवलेल्या तुकड्यासाठी हा गृहस्थ चाळीस-पन्नास मैल पायी गेला आणि गातगातच परत आला. पुढच्याच वर्षी तो वैद्य म्हणून हिंदुस्थानात आला, येथील भाषांच्या मागे त्याच असोशीने लागला व 1811 मध्ये जावा बेटावर ज्वराने वारला. त्याने अर्धवट टाकलेले बाबराच्या आत्मचरित्राचे भाषांतर पुरे करून 1826 मध्ये प्रसिद्ध केले ते विल्यम अर्स्किन या एडिंबरोच्याच गृहस्थाने. हा अर्स्किन मुंबईच्या लिटररी सोसायटीचा चिटणीस होता, आणि ती सोसायटी, जी पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपास आली, 1804 मध्ये स्थापणारा सर जेम्स मॅकिंटॉश हा इन्व्हर्नेसजवळच्या डोंगरी मुलखात जन्मलेला. दुसऱ्यांच्या भाषांविषयी इतकी आस्था बाळगणाऱ्या या मंडळींनी स्वतःच्या भाषेसाठी स्वदेशी अशी सभा का उभारली नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. लेडनपुरता तो गैरलागू आहे, इतकेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचे केले, आणि त्या 1872 च्या कायद्यात गेलिकचा उल्लेखदेखील नव्हता. सरकारने न उचललेली जबाबदारी पुन्हा एका खाजगी माणसाने अंगावर घेतली: एडिंबरो विद्यापीठातील ग्रीक भाषेचा प्राध्यापक जॉन स्टुअर्ट ब्लॅकी. तो गेलिकभाषक घराण्यातला नव्हता. पण देशभर व्याख्याने देत, श्रीमंतांच्या बैठकींतून आग्रहाने हात पसरत त्याने सुमारे बारा हजार पौंड जमविले, खुद्द व्हिक्टोरिया राणीकडून दोनशे घेतले, आणि 1882 मध्ये विद्यापीठात केल्टिक भाषांचे अध्यासन सुरू करविले. विद्यापीठाला त्याच्या अगोदर तीनशे वर्षे झाली होती.

एडवर्ड ड्वेलीचे वेड त्याहूनही एकाकी. लंडनजवळ जन्मलेला हा इंग्रज भूमापन खात्याच्या नोकरीत स्कॉटलंडला गेला, गेलिक शिकला, बॅगपाइप वाजविण्यात रमला, आणि केंट परगण्यातील हर्न बे येथे परत येऊन राहत्या ठिकाणी छापखाना मांडून 1902 ते 1911 या काळात गेलिकचा सचित्र महाकोश भागाभागाने छापीत राहिला. खिळे स्वतः जुळवायचे, यंत्र स्वतः चालवायचे आणि भाग वर्गणीदारांना धाडायचे असा त्याचा क्रम. परक्याने केलेला कोश गेलिक मंडळी नाकारतील या धास्तीने त्याने आरंभी एक डोंगरी मुलखातले वाटेल असे टोपणनाव धारण केले होते. त्याच्या कोशात सत्तर हजारांवर शब्द आहेत व तो आजही रोजच्या वापरात आहे. भाषेच्या वारसदारांनी ती टाकावी आणि परक्याने उचलावी, असे इतिहासात पुष्कळदा घडते व त्याची लाज वारसदारांनाच वाटली पाहिजे.

विसाव्या शतकात या खटपटीचे रूप बदलले. 1922 मध्ये ह्यू मॅकडायर्मिड या नावाने लिहू लागलेल्या ग्रीव्ह या कवीने बर्न्सच्या जयंतीच्या मेजवान्यांवर कडाडून टीका करीत जेमिसनच्याच कोशातून विस्मृत शब्द उपसून आधुनिक काव्य रचले. 1951 मध्ये एडिंबरो विद्यापीठात लोकवाङ्मयाच्या अभ्यासाची शाखा निघाली, आणि हॅमिश हेंडर्सनसारखी माणसे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन भटक्या जमातींच्या तंबूंत बसून पोवाडे टिपू लागली. 1952 मध्ये निघालेले गेलिक नियतकालिक ‘गेर्म’ अर्धशतकाहून अधिक काळ चालले. आणि स्कॉट्स भाषेचे दोन महाकोश, एक 1700 पूर्वीच्या भाषेचा व दुसरा नंतरच्या भाषेचा, 1931 च्या सुमारास छापावयास लागून अनुक्रमे बारा व दहा खंडांत पुरे झाले. पैशाच्या ओढाताणीने ते कितीदा बंद पडण्याच्या बेतास आले, आणि विद्यापीठांच्या मदतीबरोबर पुन्हा वर्गण्या व देणग्या यांनीच तगले.

राज्यसंस्था या दफ्तरात शेवटी रुजू झाली. गेलिकसाठी स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने 2005 मध्ये कायदा केला, आणि स्कॉट्स व गेलिक या दोहोंना अधिकृत भाषांचा दर्जा देणारा कायदा 2025 मध्ये. पहिला कायदा होईपर्यंतच गेलिक बोलणाऱ्यांची संख्या, जी 1891 च्या शिरगणतीत अडीच लाखांवर होती, साठ हजारांच्याही खाली घसरली होती. आणि स्कॉट्सच्या ज्या दोन महाकोशांचा आधार नव्या कायद्याला आता घ्यावा लागेल, त्यांपैकी शेवटच्याचा शेवटचा खंड 2002 मध्येच छापून वर्गणीदारांच्या घरी पोहोचला होता.